गाडी उचलायचं बटण

माझ्या भावाला गाडी घ्यायची होती, म्हणून त्याने ती आईसाठी घेतोय असं सांगितलं. आमच्याकडचे पुरुष स्वतःसाठी कधी काही घेत नाहीत. बंदूक घेतात ती घराण्याच्या अब्रूसाठी, जमीन विकतात ती पोराबाळांसाठी, आणि सकाळी सकाळी दारू पितात ती पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून. ब्लागोताने वरच्या गावातलं आमचं कुरण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याला विकलं आणि निकशिच शहरभर सांगत सुटला, "आईला वर गावी, क्रुशेव डोला न्यायचंय. तिच्यासाठी गाडी बघतोय."

कुरणात माझाही वाटा होता. कायद्याने होता, एवढंच. आमच्याकडे बहिणी आपला वाटा भावाला सोडून देतात, आणि जी सोडत नाही तिचं नाव गाव तीन पिढ्या विसरत नाही. मीही सोडला, आणि वर भावाच्या घरी हसतमुखाने कॉफी पिऊन आले.

आई मात्र माझ्या वाट्याला आली. तिला कुणी सोडवून घेतलं नाही. ब्लागोताचं घर मोठं आहे, पण तिथे जिना आहे म्हणे. माझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती खिडकीपाशी बसायची. आदल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तिचा खुबा मोडला आणि मणका चेपला. खुबा जुळून आला, मणका नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बसू दे, चार पावलं चालू दे, हळूहळू प्रवासही करू दे, पण हादरे बसता कामा नयेत. नाहीतर ती कायमची अंथरुणाला खिळेल. एवढ्या मोठ्या सांगण्यातून आईने 'प्रवासही करू दे' एवढंच उचललं.

तिला वर जायचं होतं. ज्या घरात ती नवरी म्हणून गेली, ज्याच्या दारात अक्रोड आहे, त्या घरी. राहायला नाही. "एक कॉफी, मुला," ती मला म्हणायची. "दारात बसून एक कॉफी पिते आणि परत येते. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." आमच्याकडे आयांना लाड आला की त्या मुलींनाही 'मुला' म्हणतात. मुलीला द्यायला त्यांच्याकडे याहून मोठं काही नसतं.

फेब्रुवारीत आम्ही राजधानीला, पोडगोरिकाला गाडी मागवायला गेलो. मी बळंच गेले. ब्लागोता म्हणाला, "तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. पाठीतलं कळतं."

विक्रीवाला पोरगा बाल्शा म्हणून होता. अंगाला चिकटलेला सूट, टोकदार बूट, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आमची न जन्मलेली गाडी गोल गोल फिरत होती. रंग काळा. त्यावर चर्चा नाही. आमच्या डोंगरात पुरुषाने दुसऱ्या रंगाची गाडी घेतली तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. सीटा कातड्याच्या, खिडक्या काळ्या. मग बाल्शा म्हणाला, "आता सस्पेन्शन, साहेब. इथे जरा विचार करून ठरवा. गाडी कशी चालणार ते यावरच आहे."

"सांग," ब्लागोता पाय फाकवून खुर्चीत मागे रेलला.

"एक साधं. स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, जसं असतं तसं. दुसरं स्पोर्ट. गाडी जमिनीला जवळ बसते, वळणावर हलत नाही, पण कडक असतं, रस्त्यातला खडा न् खडा कळतो. तिसरं हवेचं. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. बटण दाबलं की गाडी वर उचलली जाते किंवा खाली बसते, मऊ होते किंवा कडक होते. जसा रस्ता, तसं ठेवायचं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "मागे कोण बसणार आहे?"

"आमची आई," मी म्हणाले. "ऐंशीच्या पुढे आहे. मणका मोडलाय. शेवटचा रस्ता दगडांचा आहे."

"मग विचारायलाच नको, ताई. हवेचं घ्या. वर उचला, मऊ करा, आजींना वाटेल पाळण्यात बसलोय."

बिचारा चांगलं बोलत होता. पण 'आजी' आणि 'पाळणा' हे शब्द ऐकून माझ्या भावाचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याला कढईभर दूध प्यायला सांगितलंय. "थांब," तो म्हणाला. "कुमाला विचारतो."

कुम म्हणजे वुकाशिन, ब्लागोताच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला साक्षीदार. दोघंही एकमेकांना कुमच म्हणतात. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, बापाशी अबोला धरता येतो, पण कुमाचा शब्द खाली पडू देता येत नाही. हा वुकाशिन लाकडाच्या वखारीवर बसतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देतो. दोन वर्षांपूर्वी त्याने तीच जर्मन गाडी घेतली, स्पोर्ट स्प्रिंगावाली, इतकी खाली बसलेली की कुत्रंसुद्धा तिच्याखाली सावलीला जाऊ शकत नाही. ब्लागोताने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे पोडगोरिकालाही कळावं की त्याला कुम आहे.

"हवेचं?" वुकाशिन खो खो हसला. "ऐक, कुम. ती गाडी खड्डा आला की बाईसारखा स्कर्ट उचलून चालते. तू काय निकशिचच्या चौकातून स्कर्ट उचलून जाणार?"

"नाही रे, मी नुसतं विचारत होतो..."

"स्पोर्ट घे आणि पुरुषासारखा बस. मीही तेच घेतलंय. माझी पाठ गेली का?"

"तुझ्या पाठीचं कोण बोलतंय, वुकाशिन?" मी टेबलावर वाकून म्हणाले. "आमच्या आईच्या, गोस्पावाच्या पाठीचं बोलणं चाललंय."

मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "अगं विदा, तूही आहेस होय? गोस्पावा म्हणजे आमच्या सगळ्यांची आई. तिच्यासाठी जीव देऊ." आणि फोन ठेवला. जीव द्यायला सगळे तयार असतात. सस्पेन्शन तेवढं मागू नये.

ब्लागोता पडद्यावरच्या स्पोर्ट शब्दाकडे बोट नेऊ लागला. तेव्हा बाल्शाने आपल्या टोकदार बुटांची लाज राखली. तो हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगायचं राहिलं. हवेचं वर जातं तसं खालीही जातं. सगळ्यात खाली घेतलं की स्पोर्टच्या स्प्रिंगांपेक्षा बोटभर अजून खाली."

भावाचं बोट हवेतच थांबलं. "वुकाशिनच्या गाडीपेक्षा खाली?"

"त्यांच्या स्प्रिंगा आहेत. त्यांची गाडी आहे तिथेच राहणार. तुमची हवी तेवढी बसेल."

"आणि कडक?"

"कडकही होईल."

ब्लागोताने हवेचं सस्पेन्शन घेतलं. दुसऱ्याच्या गाडीपेक्षा बोटभर खाली बसता यावं म्हणून त्याने वर उचलता येणारी गाडी मागवली. मी मनात म्हटलं, कारण कुठलं का असेना, आईला पाळणा मिळाला. परतीच्या वाटेवर मी इतकी खूश होते की त्याने तासभर स्वतःचं कौतुक केलं तरी मी मान डोलवत राहिले.

गाडी यायला उन्हाळा उजाडणार होता. तेवढ्या दिवसांत आईने आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बायकांना ती गाडी दाखवून टाकली, गाडी नसताना. "माझ्या लेकाने माझ्या पाठीसाठी मुद्दाम मागवलीय. बटण दाबलं की वर होते आणि लोण्यासारखी चालते." बायका म्हणायच्या, "भाग्यवान आहेस गोस्पावा." ती मान खाली घालून हातातला रुमाल घडी करत बसायची. सुखाची लाज वाटायची तिला. एकदा मला हळूच विचारलं, "ते बटण, मुला, ते कुठे असतं?"

"पुढे. ब्लागोताच्या हाताशी."

"म्हणजे त्याला वाकावंही लागणार नाही," ती समाधानाने म्हणाली.

जूनमध्ये गाडी आली. आमच्या रीतीप्रमाणे जो तो येऊन आत नाणी टाकून गेला, गाडीला दृष्ट लागू नये, चाकं सुखरूप फिरावीत म्हणून. ब्लागोताने अंगणात डुकराचं मांस भाजलं, द्राक्षाची दारू काढली. मी आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. गाडी अंगणात अगदी तळाशी बसवून ठेवली होती, पोट जमिनीला टेकवून. चाकाच्या वर किती जागा उरते ते वुकाशिन बोटं घालून बघत होता. त्याच्या गाडीत दोन बोटं जायची, इथे एकच गेलं. त्याने ते बोट बाहेर काढलं आणि पुसलं.

"खाली आहे," त्याला कबूल करावं लागलं. मग सगळ्यांकडे बघत म्हणाला, "पण कुम, वर उचलून दाखवू नकोस हं कधी. स्कर्टाखालचं कुणाला बघायचंय?"

अंगण हसलं. सगळ्यात मोठ्याने माझा भाऊ हसला. आईने हसत हसत मला विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हटलं, "गाडी छान आहे म्हणाला."

पेत्रोव्हदानला, म्हणजे जुलैतल्या आमच्या सणाला, वर जायचं ठरलं. आई पहाटेच उठून बसली. काळा झगा, नवा काळा रुमाल. मी पिशवीत कॉफी, साखर आणि तिचं लांब दांड्याचं पितळी भांडं घेतलं, ज्यात ती आयुष्यभर कॉफी उकळत आली. तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. शेजारी मी. पुढे ब्लागोता आणि त्याची बायको सेंका. आणि मागून, सण साजरा करायला, वुकाशिन आपल्या गाडीतून.

"वर उचल आणि मऊ कर," निघतानाच मी म्हणाले.

"शहर संपू दे," ब्लागोता म्हणाला.

मला वाटलं, ठीक आहे, चौकात कॉफी पीत बसलेल्या रिकामटेकड्यांना गाडी दाखवू दे. शहराचा रस्ता बरा आहे. आम्ही चौकातून हळूहळू गेलो. रिकामटेकड्यांनी माना वळवल्या. भावाने एक हात स्टिअरिंगवर आणि एक खिडकीबाहेर ठेवला. शहर संपलं.

"आता उचल."

"पुलानंतर."

पुलानंतर आमचा डोंगराचा रस्ता लागतो. डांबर आहे म्हणायचं, पण दर हिवाळ्यात थंडी ते फोडते आणि दर उन्हाळ्यात नगरपालिका त्याला ठिगळं लावते, आणि ही ठिगळं खड्ड्यांपेक्षा वाईट. पहिल्या ठिगळावर आईचा हात माझ्या मनगटावर आला. दुसऱ्यावर तिची बोटं रुतली.

"ब्लागोता, बटण दाब!"

त्याने आरशात पाहिलं. आईकडे नाही. आरशात मागून येणारा वुकाशिन दिसत होता. "आत्ता नको. मागे कुम आहे."

"मग?"

"मग काय? गाडी अशी चालता चालता वर येते, मागून सगळं दिसतं. दगडांचा रस्ता लागला की उचलतो. तिथे तशीही उचलावीच लागेल, खालून घासेल नाहीतर."

म्हणजे गाडीच्या पोटासाठी उचलणार. आईच्या हाडांसाठी नाही. मी पुढे वाकून स्वतः बटण शोधायला गेले, तर सेंकाने माझा हात धरला. "विदा, चालवताना त्याला हात लावू नकोस गं, दरीत जाऊ." आणि आईने मला मागे ओढलं. तिच्या अंगात कुठून एवढा जोर आला देव जाणे.

"सोड, मुला," ती म्हणाली. "मी बरी आहे. चालवू दे त्याला."

"तू बरी नाहीस."

"कुमासमोर त्याचा पाणउतारा करू नकोस."

ब्लागोताने विचारलं, "आई, ठीक आहेस ना?" पुढे बघत, आरशात बघत. ती म्हणाली, "ठीक आहे." काय सांगणार ती? आमच्या बायका कंबरडं मोडलं तरी ठीक असतात. तो मुलगा म्हणून तिला ओळखत होता, ती काय उत्तर देणार ते त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने विचारलं.

डांबर जिथे संपतं तिथे एक पाण्याचा हौद आहे. तिथे पोचेस्तोवर आईचे ओठ पांढरे झाले होते आणि ती बोलत नव्हती. मी ओरडले, "थांबव." ब्लागोता उतरला, मागचं दार उघडून बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वुकाशिनही आला. "उन्हामुळे होतं असं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना ऊन सोसत नाही." हौदापासून पुढे दगडांचा चढ, त्यावर गाव. तिथून घर दिसत नाही, टेकडी आडवी येते. आईने डोळे उघडले, त्या टेकडीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आज राहू दे, मुला. परत जाऊ."

परत जाताना मात्र त्याने गाडी मऊ केली. वुकाशिनला पुढे जाऊ दिलं, तो दिसेनासा झाला, आणि मग दाबलं बटण. बैल गेला न् झोपा केला.

आई पुन्हा उठली नाही. डॉक्टरीणबाईंनी मणक्याचा फोटो काढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशाने आणलंत तिला, बैलगाडीने?" मी गाडीचं नाव सांगितलं.

ब्लागोता दर रविवारी यायचा. संत्री आणायचा. पलंगाच्या पायथ्याशी बसून रस्त्याला शिव्या द्यायचा, नगरपालिकेला, सरकारला. नगरपालिकेने त्याच्या आईला मारलं असंच ऐकणाऱ्याला वाटावं. आई मान डोलवायची आणि मला म्हणायची, "त्याला काहीतरी खायला दे."

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी मी तिला कूस बदलायला मदत करत होते. ती म्हणाली, "मुला, एक विचारू? तुला गाडीतलं कळतं, तू गेली होतीस घ्यायला."

"विचार."

"ते उचलायचं बटण दाबलं की गाडीचं काही बिघडतं का? नाहीतर फार खर्च येतो का त्याला?"

"का?"

"ब्लागोता दाबत नव्हता, म्हणून विचारते. काहीतरी असेल ना. तो उगाच नाही करणार." ती खरंच विचारत होती. टोमणा मारायला तिला कधी आलंच नाही, ते सगळं मी बापाकडून घेतलंय. मी उशी झटकत राहिले. दोन आठवड्यांनी, अक्रोड पडायच्या दिवसांत, ती गेली.

तिला वरच पुरायचं होतं, नवऱ्याच्या शेजारी. शववाहिकेचा चालक हौदापाशी थांबला. पुढचे दगड बघून म्हणाला, माझी गाडी नाही जाणार. पुरुषांनी खांद्यावर न्यायची तयारी केली, पण पाऊस पडून गेला होता, दगड निसरडे होते. तेव्हा ब्लागोता पुढे झाला. "माझी जाईल," तो म्हणाला. त्याने मागच्या सीटा पाडल्या, शवपेटी आत ठेवली, आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं.

गाडी वर आली. खरंच सुरेख वर आली, आवाजसुद्धा नाही. कुणी हसलं नाही, कुणी स्कर्टाचं नाव काढलं नाही. वुकाशिनची गाडी पहिल्याच दगडाला अडली होती, तो मुकाट्याने येऊन ब्लागोताच्या शेजारी पुढे बसला. गाडी पाण्यावरून जावी तशी दगडांवरून गेली. मी मागून चालत होते आणि पेटी काचेतून दिसत होती. एवढीही हलली नाही.

वर पोचल्यावर लोक ब्लागोताचे हात हातात घेऊन म्हणत होते, "फुलासारखं आणलंस आईला." वुकाशिन डोळे पुसत म्हणाला, "मुलगा असावा तर असा. आणि गाडी असावी तर अशी." आमच्याकडे जिवंत आईसाठी माणूस वाकला तर हसतात, आणि मेलेल्या आईसाठी वाकला तर टोपी काढतात. माझा भाऊ मान खाली घालून ते सगळं घेत होता. त्या क्षणी मला त्याची किळस आली. ती माझ्याच रक्ताची किळस होती, सख्ख्या भावाची, तरी आली.

पेटी दारात अक्रोडाखाली ठेवली. मी आत जाऊन पितळी भांड्यात कॉफी उकळली आणि एक पेला आणून तिच्या डोक्याशी ठेवला. मग उभी राहिले. आमच्याकडे मयताची लेक किंवा बहीण पेटीशी उभी राहून शोक गाते, तेव्हा पुरुष टोप्या हातात धरून ऐकतात. कुणी तिला थांबवत नाही, कुणी उत्तर देत नाही. एरवी बाईला बोलू देत नाहीत, म्हणून बहुधा ही एक जागा ठेवली असावी. आणि शोकातले शब्द राहतात. माझ्या पणजीने कुणाच्या मयतावर काय म्हटलं ते अजून गावाला पाठ आहे. ब्लागोताला हे माहीत होतं. मी तोंड उघडताच त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी आधी आईचं गायले, तिच्या हातांचं, तिच्या भाकरीचं. मग त्याच्याकडे वळले.

*आलीस दारी, आई गं,*
*फुलासारखी आलीस,*
*एक खडा ना टोचला,*
*आज एकही, आई गं.*

*भाऊराया, ऐक माझं,*
*आई विचारून गेली,*
*बटण दाबलं म्हणजे*
*बिघडतं का रे गाडीचं?*

*उन्हाळ्यात होतं जड,*
*आज कसं झालं हलकं?*
*ती तर अजून थांबली,*
*काय निरोप मी देऊ?*

वुकाशिन आपल्या टोपीत काहीतरी शोधत होता. ब्लागोताचं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं, आणि मग तो साठीचा बाप्या दारातल्या दगडावर खाली बसला.

पुरून झालं. जेवण झालं, लोक खालच्या आवाजात बोलत होते, तो शोक आताच तोंडपाठ करत होते. मी भांडी गोळा करत असताना ब्लागोता गाडीपाशी गेला आणि त्याने किल्ली वुकाशिनच्या हातात दिली.

"तू चालव, कुम. मी मागे बसतो."

त्याने सीटा उभ्या केल्या आणि आईच्या जागेवर जाऊन बसला. ती बसली होती त्याच बाजूला. उशा नाहीत, काही नाही.

"खाली कर," तो म्हणाला. "सगळ्यात खाली. कडक कर."

"वेडा झालास का? दगड आहेत. गाडी जाईल, आणि तुझी हाडंही जातील."

"खाली कर म्हणतो. मी तुझा कुम आहे ना?"

कुमाचा शब्द खाली पाडता येत नाही. वुकाशिनने बटण दाबलं. गाडी बसत गेली, पार जमिनीला टेकेस्तोवर, आणि मग उताराला लागली.

आवाज वरपर्यंत येत होता. एवढी महागाची गाडी खालून सोलून निघत होती, दगडामागून दगड. मधेच एकदा थांबली, बहुधा वुकाशिन विनवत असावा, आणि पुन्हा तोच आवाज सुरू झाला. सेंका रडत माझ्याकडे आली. "विदा, हाक मार त्याला. तुझं ऐकेल तो. त्याची पाठ मोडेल गं."

आई असती तर केव्हाच म्हणाली असती, "मुला, थांबव त्याला. दुखेल त्याला." पेटीपाशी ठेवलेला पेला अजून तसाच होता, कॉफी गार झाली होती. मी तो उचलला, अक्रोडाच्या मुळाशी ओतला, आणि त्याला हाक मारली नाही.